शपथेतली तिरकी रेघ

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

निवडणूक झाली की शपथविधी येतो आणि तो टीव्हीवर बघताना माझ्यातला कोर्टाचा कारकून जागा होतो. एकोणतीस वर्षे मी न्यायालयात नोकरी केली. त्यातली बरीचशी साहेबांसमोरच्या टेबलाशी, साक्षीदारांना शपथ देण्यात गेली. 2024 मध्ये लोकसभेत नव्या खासदारांनी शपथेच्या मागेपुढे आपापल्या घोषणा जोडल्या. एकाच बाजूने जोडल्या असेही नाही. शेवटी अध्यक्षांना आपल्या निर्देशांत दुरुस्ती करून, नमुन्याबाहेरचा शब्द चालणार नाही, असे लिहावे लागले. आमच्याकडे साक्षीदाराने असे केले असते तर साहेबांनी चष्म्यावरून एकदा पाहिले असते आणि मी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतले असते.

राज्यकारभारात धर्माची जागा कुठे, यावर आपल्या पानांवर बरेच लिहिले जाते. मला ती जागा एका पुठ्ठ्यावर सापडली. शपथेचा नमुना चिकटवलेला तो पुठ्ठा माझ्या टेबलावर असायचा. त्यावर ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’, मग एक तिरकी रेघ आणि पुढे ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’, म्हणजे देवाचे नाव न घेता ठामपणे सांगतो. सिनेमात गीतेवर हात ठेवतात. 1969 च्या शपथ अधिनियमातल्या नमुन्यात मात्र कुठलाच ग्रंथ नाही. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्री, खासदार आणि न्यायाधीशांसाठी हीच निवड दिली आहे, आणि कलम 60 मध्ये राष्ट्रपतींसाठीही.

आता कबुली देतो. सुरुवातीची काही वर्षे मी कुणाला विचारतच नसे. सरळ ‘ईश्वरसाक्ष’ वाचायचो, साक्षीदार मागून म्हणायचा, काम पुढे सरकायचे. मी स्वतः देव मानणारा, त्यामुळे यात काही चुकते आहे हे ध्यानातही आले नाही. एकदा जमिनीच्या दाव्यात एक वृद्ध गृहस्थ पिंजऱ्यात उभे राहिले. मी वाचायला लागलो तसा त्यांनी हात वर केला. म्हणाले, “भाऊसाहेब, देवाला यात ओढू नका. तो माझा आहे, कोर्टाचा नाही.” मला वाटले, नास्तिक असतील. साहेबांनी दुसरे वाक्य वाचायला सांगितले. दुपारी व्हरांड्यात तेच गृहस्थ डोळे मिटून जप करत बसलेले दिसले. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला दोन्ही वाक्ये वाचून दाखवू लागलो. दिवसाची पाच-सात मिनिटे जास्त जात. पुकारा करणारा शिपाई वैतागायचा.

निवृत्तीनंतर या विषयावर वाचायला वेळ मिळाला, तेव्हा कळले की ते गृहस्थ काही एकटे नव्हते. इंग्लंडमध्ये शपथेऐवजी दृढकथनाची सवलत नास्तिकांच्या कितीतरी आधी क्वेकर पंथीयांना मिळाली, 1690 च्या दशकात. ही माणसे कडवी धार्मिक. ‘शपथ वाहूच नका’ हे बायबलमधले वचन ती अक्षरशः पाळायची आणि त्यापायी तुरुंगातही जायची.

नास्तिकांची पाळी फार उशिरा आली. चार्ल्स ब्रॅडलॉ 1880 मध्ये नॉर्दम्प्टनमधून संसदेवर निवडून आले. त्यांनी दृढकथनाची परवानगी मागितली, ती नाकारली. बरं, मग घेतो शपथ, म्हणाले, तर देव न मानणाऱ्याच्या शपथेला अर्थ काय, म्हणून तीही घेऊ देईनात. मतदार त्यांना पुन्हा पुन्हा निवडून देत होते आणि सभागृह दाराशी अडवत होते. एक रात्र तर त्यांना संसदेच्या घड्याळाच्या मनोऱ्यात अटकेत काढावी लागली. प्रत्यक्ष जागेवर बसायला 1886 उजाडले, आणि 1888 मध्ये शपथेचा कायदा बदलला. पुढच्याच वर्षी हे गृहस्थ मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आले होते. अमेरिकेत मेरीलँड राज्यात नोटरी व्हायलासुद्धा ‘देव आहे’ असे जाहीर करावे लागे. ती अट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये मोडीत काढली.

आपल्या घटना समितीतही हा प्रसंग आला होता. 17 ऑक्टोबर 1949 रोजी ह. वि. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ करावी, अशी दुरुस्ती मांडली. देवावर मत देण्याच्या संकटात आम्हाला टाकू नका, अशी विनंती पूर्णिमा बॅनर्जींनी त्यांना केली. कामत हटले नाहीत. 41 विरुद्ध 68 मतांनी दुरुस्ती पडली. विरोधात मत देणाऱ्या त्या 68 जणांत देव मानणारे कमी नसणार. मला त्यांच्यात ते व्हरांड्यातले गृहस्थ दिसतात.

देवाचा धाक नसेल तर माणूस खरे कशाला बोलेल, असे मित्र विचारतात. देवाचे नाव घेऊन सफाईने खोटे बोलणारे मी शेकड्यांनी पाहिले. दृढकथन करून खोटे बोलणारेही पाहिले. ते कमी होते, पण मुळात दृढकथन करणारेच कमी. खोट्या साक्षीची शिक्षा दोघांना एकच, सात वर्षांपर्यंत. कायदा तिरक्या रेघेच्या अलीकडे-पलीकडे बघत नाही. सभागृहात शपथ घेणाऱ्यांनी मनातल्या मनात कुणाचेही स्मरण करावे, मोठ्याने मात्र छापले आहे तेवढेच वाचावे, एवढीच माझी मागणी आहे.

1969 च्या त्याच शपथ अधिनियमात बारा वर्षांखालच्या मुलांसाठी एक तरतूद आहे. खरे बोलायचे असते हे मुलाला कळते, पण शपथ म्हणजे काय ते कळत नाही, असे न्यायालयाला वाटले तर शपथेविनाच साक्ष घेतात. एकदा आठ-नऊ वर्षांची मुलगी साक्षीला आली. साहेबांनी तिला शाळा, इयत्ता, बाईंचे नाव विचारले. शपथ माहीत आहे का, यावर तिने मान हलवून नाही म्हटले. मग खोटे बोलले तर काय होते, असे विचारले. थोडा वेळ तिने पिंजऱ्याच्या कठड्यावरून बोट फिरवले आणि म्हणाली, “मग कुणी ऐकत नाही.”

साहेबांनी तिची साक्ष सुरू करायला सांगितले. मी पुठ्ठा पालथा घातला.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी