सुन्या, काकूंना एक विचारायचंय

प्रिय सुन्या,

इतके महिने गप्प होतो म्हणून शिव्या घालशील, घाल, पण आधी वाच. तब्येत बरी आहे, म्हणजे नागीण झालीये, उजव्या कुशीत, गोळ्या चालू आहेत, तो विषय संपला.

खरा घोर मुक्ताचा आहे. घामोळं समजून तिनेच माझ्या पाठीला मलम चोळलं आणि तिला सातवा महिना चालू. डॉक्टर म्हणाले, नागिणीपासून दुसऱ्याला नागीण होत नाही, पण फोडातल्या पाण्यातून कांजिण्या होतात, ज्याला आधी झाल्या नसतील त्याला. म्हणजे हे आपलं तेच दुखणं रे, तू मला दिलेलं! (तू अजून म्हणणार मी तुला दिलं. पहिला फोड तुझ्या कपाळावर होता, विषय कट.) आपण बरे झालो तरी व्हायरस मणक्याजवळच्या नसांच्या गाठींत पडून राहतो म्हणे. अँटीबॉडी रक्तात असतात, पण त्याला दाबून धरतात त्या टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी), आणि वयाबरोबर नेमका त्यांचाच जोर ओसरतो, मग तो नागीण होऊन परत उठतो. गोवराचं असं नाही, 1846 साली फेरो बेटांवर साथ आली तेव्हा 1781 च्या साथीत गोवर झालेल्या म्हाताऱ्यांना तो परत झालाच नाही, 65 वर्षांनी! धनुर्वाताचं उलटंच, तो होऊन गेला तरी अंगात प्रतिकारशक्ती येत नाही, विषच इतकं कमी असतं की शरीराला पत्ता लागत नाही, लस घ्यावीच लागते. झोप नाही म्हणून हे असलं वाचत बसतो, अंजू म्हणते आता दवाखानाच टाका.

मुक्ताचं रक्त तपासायला दिलंय. अँटीबॉडी निघाल्या तर मिटलं, बाळालाही त्या नाळेतून मिळतात. नाही निघाल्या तर तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन, तेही दहा दिवसांच्या आत, आणि त्या उसन्या, काही आठवड्यांत संपणाऱ्या, तिचं शरीर त्यातून काही शिकणार नाही. पोरगी मलाच धीर देतेय, काका तुम्ही झोपा म्हणून.

नवीन नोकरी कशी आहे? आणि गुडघा? नागिणीची लस असते, पन्नाशीनंतर दोन डोस, घेऊन टाक, तुझ्याही नसांत तो बसलाय.

आता काम. दादा-वहिनीला काही म्हणजे काही आठवत नाहीये. मुक्ता लहानपणी एका सुट्टीत काकूंकडे राहिली होती बघ, तेव्हा तिला अंगभर काहीतरी उठलं होतं, त्या कांजिण्याच होत्या का, एवढं काकूंना विचारून आजच फोन कर, रिपोर्ट यायची वाट बघू नकोस.

तुझा,
बाळ्या