लिऊ बांगलाही न्याय द्या

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत प्राचीन चीनवरचा लेख आला. चीनचा पहिला सम्राट चिन शी हुआंग आणि त्याच्या कबरीतल्या मातीच्या सैनिकांनी अख्खे पान व्यापले आणि हान घराण्याचा संस्थापक लिऊ बांग दोन ओळींत उरकला गेला, याचे वाईट वाटले. चिन साम्राज्य इ. स. पू. २२१ ते २०६, जेमतेम १५ वर्षे टिकले. हान सत्ता, मध्ये गादी बळकावणाऱ्या वांग मांगचा काळ वगळता, इ. स. २२० पर्यंत चालली. चीनमधली बहुसंख्य जनता आजही स्वतःला हान म्हणवते.

लिऊ बांग शेतकऱ्याचा मुलगा, पेइ परगण्यातला किरकोळ अंमलदार. चिन सम्राटाच्या कबरीच्या कामावर कैदी घेऊन तो लीशानला निघाला, तर वाटेतच कैदी पळू लागले. पोहोचेपर्यंत एकही उरणार नाही, हे ओळखून एका रात्री त्याने दारू प्यायली, उरलेल्या सगळ्यांना सोडून दिले आणि स्वतःही फरार झाला. दहाबारा जण मात्र त्याच्याबरोबरच राहिले.

पुढे चिनविरुद्धच्या बंडात, इ. स. पू. २०६ मध्ये, राजधानी शियानयांग त्याच्या हाती आली. सरदार सोन्यानाण्यावर तुटून पडले असताना त्याचा सहकारी श्याओ हे थेट सरकारी दप्तराकडे गेला आणि कायदे, नकाशे, लोकसंख्येच्या नोंदी ताब्यात घेतल्या. मागाहून आलेल्या शियांग यूने, लिऊ बांगच्या प्रतिस्पर्ध्याने, राजवाडे जाळले. त्यामुळे कुठे किती वस्ती, कुठली खिंड मोक्याची, हे पुढच्या लढाईत लिऊ बांगलाच ठाऊक होते. चिनचे जाचक कायदे रद्द करून त्याने तीनच कलमे जाहीर केली: खुन्याला देहदंड, मारहाण आणि चोरीला गुन्ह्याप्रमाणे शिक्षा. तेवढ्यावर राज्य चालणार नव्हतेच. नंतर श्याओ हेने चिनच्याच कायद्यांतून निवडून नवी संहिता केली. मला तर खरी कर्तबगारी इथेच दिसते. चिनची चौकट ठेवली, जाच कमी केला.

इ. स. पू. २०२ मध्ये सम्राट झाल्यावर त्याने सैनिकांना घरी पाठवले, उपासमारीपायी स्वतःला विकलेल्यांना गुलामगिरीतून मोकळे केले. शेतसारा पंधराव्या हिश्श्यावर आणला. विद्वानांची टर उडवणारा हा माणूस. पण घोड्यावर बसून मिळवलेले राज्य घोड्यावरूनच चालवणार का, असे लू ज्या या विद्वानाने तोंडावर विचारले तेव्हा तो ओशाळला आणि चिन का बुडाले ते लिहून काढ, असे त्यालाच सांगितले.

त्याचे दोष झाकू नयेत. ज्या सेनापती हान शिनने लढाया जिंकून दिल्या, तो याच राजवटीत लिऊ बांगची पत्नी सम्राज्ञी ल्यू हिच्या हातून मारला गेला. दुसरा सेनापती पंग युए याचाही तोच शेवट झाला. हे सगळे छापावे. पण कबरीइतकीच जागा त्या दप्तराला आणि शेतसाऱ्याला द्यावी, एवढीच कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, सांगली