हात एकाच्या हातात, जीव दुसऱ्यात

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत खेळाडूंच्या प्रेमकथा सांगणाऱ्या इंग्रजी कादंबऱ्यांवर लेख आला होता. 'खेळ तोंडी लावण्यापुरता, बाकी नुसता पाक' अशी त्यात या पुस्तकांची वासलात लावली आहे. भाचीने बळेच हातात कोंबलेली अशीच एक कादंबरी मी नुकती संपवली आणि मला ती मनापासून आवडली, म्हणून हा पत्रप्रपंच. (नाव मुद्दाम देत नाही, जाहिरात वाटायला नको.)

कादंबरी आहे फिगर स्केटिंगमधल्या, म्हणजे पात्यांच्या बुटांनी बर्फावर घसरत कसरती करण्याच्या खेळातल्या, दोन प्रतिस्पर्ध्यांची. या खेळात एकेरीत स्त्री-पुरुष एकमेकांविरुद्ध उतरतच नाहीत. त्यामुळे नायक-नायिकेत खरी चुरस लावायची तर दोघांना वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर उतरवावे लागते. लेखिकेने त्यांना आइस डान्समध्ये, म्हणजे जोडीने बर्फावर नाचण्याच्या प्रकारात, आणले आहे आणि तिथेच गोष्टीला धार आली आहे. नायिका रोज पहाटे ज्याचा हात धरून बर्फावर उतरते तो तिचा प्रियकर नाही, आणि ज्याच्यात जीव अडकलाय तो गुणफलकावर तिच्या वर तरी असतो नाहीतर खाली. वर्षानुवर्षे तिला उचलून धरणाऱ्या जोडीदाराने बिचाऱ्याने काय घोडे मारले आहे? त्याला दगा न देता दुसऱ्यावर प्रेम करायचे कसे, हाच सगळा पेच. खेळ बाजूला काढा, हा पेच उरतच नाही. मग तो तोंडी लावण्यापुरता कसा?

'प्रत्यक्षात असे कुठे घडते?' असाही लेखाचा सूर होता. अहो, घडते! अमेरिकेत मिशिगनमधल्या कँटनच्या रिंकवर (म्हणजे बर्फाच्या मैदानावर) कॅनडाचे टेसा व्हर्च्यू-स्कॉट मॉयर आणि अमेरिकेचे मेरिल डेव्हिस-चार्ली व्हाइट एकत्र सराव करायचे, तेही मरिना झुएवा या एकाच प्रशिक्षिकेकडे. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकला सुवर्ण कॅनडाच्या जोडीला आणि रौप्य अमेरिकेच्या. २०१४ ला सोचीत नेमके उलटे. २००६ च्या ऑलिंपिकचे रौप्यविजेते, अमेरिकेचेच टॅनिथ बेल्बिन-बेन अगोस्टोही २००८ पर्यंत याच रिंकवर होते. व्हँकुव्हरला ते चौथे आले, म्हणजे डेव्हिस-व्हाइटच्या मागे. आणि २०१५ मध्ये लग्न कुणाचे झाले? टॅनिथ बेल्बिन आणि चार्ली व्हाइटचे! उलट ज्यांच्या नजरानजरेवर अख्खे जग जोडपे म्हणून शिक्कामोर्तब करून बसले होते, ते व्हर्च्यू-मॉयर मात्र 'आमचे तसे काही नाही' असेच सांगत राहिले.

कादंबरीतला एक प्रसंग तर मी पुन्हा पुन्हा वाचला. सराव संपवून नायिका कठड्यापाशी बुटांच्या नाड्या सोडते आहे, रिंककडे पाठ. मागे नायक ट्विझल करतो आहे, म्हणजे एका पायावर गरगर फिरत पुढे सरकणे. बुटाखालचे पाते आपल्या कडेवर नीट टेकले असले की बर्फ फारसा ओरडत नाही. तिला मात्र मधूनच खरवडल्यासारखा आवाज येतो आणि मान न वळवता ती ओळखते, याचा गुडघा दुखतोय. ही बातमी तिच्या जोडीच्या कामाची होती, पण ती कुणाजवळ बोलत नाही, जोडीदाराजवळही नाही. कबुलीजबाबाचा रीतसर प्रसंग पुढे कितीतरी पानांनी येतो. मला प्रेम इथेच दिसले. प्रतिस्पर्ध्याइतके बारीक लक्ष आपल्यावर दुसऱ्या कुणाचे असते?

मला स्केटिंगमधले फार कळते असे नाही. बर्फाशी संबंध गोळेवाल्यापुरता, आणि मुलगी शिकली ते चाकांचे स्केटिंग. मी कट्ट्यावर तिचे हेल्मेट आणि पाण्याची बाटली सांभाळत बसायचे. पण पडल्यावर गुडघा न चोळता आधी पलीकडच्या मुलीकडे बघणारी पोरे तिथे रोज दिसत, म्हणून हे पटले.

सगळेच छान आहे असेही नाही. नायिकेची करडी, महत्त्वाकांक्षी आई शंभर सिनेमांतून उचलून आणल्यासारखी आहे. परीक्षकांचा पक्षपात तर लेखिकेने दोन परिच्छेदांत उरकलाय. २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकला एका फ्रेंच परीक्षक बाईंवर दबावाखाली मत दिल्याचा ठपका आला, जोड्यांच्या गटात दोन सुवर्णपदके द्यावी लागली आणि पुढे ६.० पैकी गुण द्यायची जुनी पद्धतच मोडीत निघाली. एवढा मसाला समोर असताना हात आखडता का घेतला, कळत नाही.

माझी तक्रार एवढीच की आपल्या लेखात असल्या पुस्तकांना नावे ठेवली आहेत, पण एकाही पुस्तकाचे कथानक सांगितलेले नाही. पुरवणीत अधूनमधून यातल्या एखाद्याचे सविस्तर परीक्षण द्यावे, आणि ते पुस्तक पूर्ण वाचलेल्या माणसाकडूनच लिहून घ्यावे, ही विनंती.

आपली,
एक वाचक, डोंबिवली