तळ आणि भिंती

प्रिय वश्या,

परवा तुझी फार आठवण झाली, आणि तीही गणितामुळे. भाची बारावीला आहे, सुट्टीत आमच्याकडे आलीय. "मामा, मॅक्सिमा-मिनिमाचं एक गणित बघ ना" म्हणाली आणि समोर आला तो आपलाच डबा! १८ सेंमी बाजूचा चौरस पत्रा, चारही कोपऱ्यांतून सारखे चौरस कापायचे, बाजू वर दुमडायच्या. घनफळ जास्तीत जास्त केव्हा?

तिनं कापलेल्या चौरसाची बाजू क्ष धरली. घनफळ क्ष(१८ − २क्ष)², डेरिव्हेटिव्ह (क्ष वाढताना घनफळ बदलण्याचा वेग) शून्य, क्ष ३ किंवा ९. नऊ घेतले तर पत्राच उरत नाही, म्हणून ३. घनफळ ४३२ घनसेंमी. दोन मिनिटांत मोकळी.

मला राहवेना. म्हटलं, आता डेरिव्हेटिव्ह न घेता कर. कुरकुर झाली. मग आपली जुनी युक्ती दाखवली, घनफळाला ४ नं गुणायचं. ४क्ष, १८ − २क्ष आणि पुन्हा १८ − २क्ष, या तिघांची बेरीज कायम ३६. बेरीज ठरलेली असली की तिन्ही सारखे असताना गुणाकार सर्वांत मोठा. प्रत्येकी १२, म्हणजे क्ष ३. "ही तर चीटिंग झाली," म्हणाली.

पण "तीनच का?" असं तू वर्गात विचारलं होतंस, आठवतं? "परीक्षेत 'का' विचारत नाहीत," म्हणून सरांनी तुला खाली बसवलं होतं. त्याचं उत्तर परवा जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा डबा करताना सापडलं. तळ १२ बाय १२, म्हणजे १४४. भिंती चार, प्रत्येक १२ बाय ३, मिळून १४४! मी दोनदा मोजलं.

कोपरे केसभर जास्त कापले तर डबा तेवढा उंच होतो, तळाएवढा पातळ थर वाढतो. पण चारही भिंती तेवढ्याच आत सरकतात, भिंतींएवढा थर जातो. तळ मोठा तोवर कापण्यात फायदा, भिंती मोठ्या झाल्या की तोटा. आपण मात्र डेरिव्हेटिव्ह शून्य लिहून मोकळे व्हायचो.

डब्यात सध्या बडीशेप आहे. तू आता ८ बाय ५ चा पुठ्ठा घे, चौरस नको. दोन उत्तरं येतील, त्यातलं एक कापताच येणार नाही. दुसऱ्यात तळ आणि भिंती मोजून कळव.

तुझा,
दिन्या