दुकान सापडतं, मीटिंग सापडत नाही : सामाजिक न्याय मंत्र्यांना खुलं पत्र

मा. सामाजिक न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

नमस्कार साहेब,

मला दारू सोडून 3 वर्षं झाली. नाव लिहीत नाही, कारण एएमध्ये म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसमध्ये (दारू सोडणारी माणसं मीटिंगला जमून एकमेकांना आधार देतात ती संघटना) आम्ही जाहीर ठिकाणी नाव लावत नाही. आणि हे पत्र एएच्या वतीने पण नाहीये, एए कुठल्याच बाहेरच्या विषयात बाजू घेत नाही, हे माझं एकट्याचं म्हणणं आहे.

माझी सुरुवात सरकारी दवाखान्यात झाली, आणि तिथल्या डॉक्टरांनी माझा जीव वाचवला हे आधी सांगतो. रोज पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काय होतं ते ज्याने बघितलंय त्यालाच माहीत, हात थरथरतात, नसलेली माणसं दिसतात, फिट येते, म्हणून हा प्रयोग घरच्या घरी कुणीच करू नये. 10 दिवसांनी डिस्चार्ज मिळाला. कागदावर गोळ्या लिहिल्या होत्या आणि खाली एकच ओळ, एए मीटिंगला जाणे. कुठे, कुठल्या वारी, किती वाजता, काही नाही. सिस्टरना विचारलं तर म्हणाल्या, दादा चर्चमध्ये असते बहुतेक. मी आणि बायको 2 चर्चला जाऊन आलो, तिथे नव्हती. एका जुन्या स्टिकरवर नंबर होता तो लावला तर बंद. असे 19 दिवस गेले आणि विसाव्या दिवशी मी परत प्यायलो. एसटी स्टँडपासून माझ्या घरापर्यंत दारूची 3 दुकानं आहेत साहेब, त्यांचा पत्ता मला कधी कुणाला विचारावा लागला नाही.

दुसऱ्यांदा अ‍ॅडमिट झालो तेव्हा वॉर्डात एक काका पेशंटना भेटायला यायचे, स्वतः दारूतून सुटलेले. त्यांनी माझ्या केसपेपरच्या मागे बॉलपेनने लिहून दिलं, नगरपालिकेची शाळा, मागचं गेट, चौथीचा वर्ग, गुरुवार 7. बस एवढंच हवं होतं मला पहिल्या वेळी.

त्या वर्गात गेलो तर फळ्याच्या कोपऱ्यात दिवसाचा पट तसाच होता, पट 31, हजर 27. आम्ही 9 जण लहान मुलांच्या बाकावर गुडघे आवळून बसलेलो. एकजण बोलला, मग दुसरा, मधे कुणी कुणाला टोकलं नाही, कुणी सल्ला दिला नाही. एक माणूस सांगत होता की तो मुलीच्या फीचे पैसे घेऊन बाहेर पडला आणि बारमध्ये बसला, आणि मला वाटलं हा माझंच सांगतोय, कारण मी पण हेच केलं होतं आणि तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोला पण नाही. 1935 साली अमेरिकेत दोन पिणारी माणसं एकमेकांशी बोलत बसली त्यातून हे सगळं सुरू झालं. फी नाही, फॉर्म नाही, दारू सोडायची इच्छा पाहिजे एवढीच अट.

तुमच्याच विषयाच्या केंद्रीय मंत्रालयासाठी एम्सने देशभर सर्व्हे केला होता, 2019 साली त्याचा अहवाल आला, त्यात दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर 38 माणसांपैकी एकालाच कसले तरी उपचार मिळाले असं निघालं. उरलेले 37 कुठे आहेत? पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, 1986 पासून किती घरं सावरली त्यांनी, पण प्रत्येकाला पुणे जमत नाही, आणि तिथून परत आल्यावर तरी आपल्या गावात संध्याकाळी 7 वाजता जायला जागा लागतेच ना. गोळीने थरथर थांबते. संध्याकाळ कशी काढायची ते दुसरा सुटलेला माणूसच सांगू शकतो.

अनुदान मागत नाहीये. एए बाहेरचा पैसा घेतच नाही, डबा फिरतो, त्यात सभासद जमेल तसे टाकतात आणि त्यातूनच भाडं आणि चहा निघतो. मागणं असं की प्रत्येक सरकारी दवाखान्यात आणि एसटी स्टँडवर एक बोर्ड लावा, त्यावर जवळच्या मीटिंगचा पत्ता, वार, वेळ, आणि दर 3 महिन्यांनी तो कुणीतरी तपासा, कारण चुकीचा पत्ता हा नसलेल्या पत्त्यापेक्षा वाईट, माणूस एकदाच हिंमत करतो. डिस्चार्जच्या कागदावर पण हेच छापा. व्यसनमुक्तीच्या सरकारी हेल्पलाइनवर, 14446 वर, फोन उचलणाऱ्यासमोर तालुकावार यादी ठेवा. राज्य उत्पादन शुल्ककडे प्रत्येक दुकानाचा परवाना नंबर असतो, मग ही यादी का होऊ नये?

आणि शाळेचा एक वर्ग संध्याकाळी दीड तास भाड्याने मिळावा, त्यासाठी ग्रुपला दरवर्षी नवीन मुख्याध्यापकांच्या हातापाया पडायला लावू नका. तालुक्याहून येणारे आमचे दोघे शेवटची एसटी 8 ची म्हणून अर्ध्यातून उठतात, तालुक्यालाच वर्ग मिळाला तर ते पूर्ण बसतील. पिणाऱ्या बायका तर अजून येतच नाहीत, त्यांना मागच्या गेटने अंधारात यायला सांगणं बरोबर पण नाही, त्यांच्यासाठी दुपारची वेळ आणि उजेडातली जागा बघा.

बोर्ड लावायचं ठरलं तर आमच्या जिल्ह्याचे पत्ते, वार, वेळ मी स्वतः फिरून, प्रत्येक मीटिंगला बसून, खात्री करून लिहून देतो.

आपला,
चौथीच्या वर्गातला एक