आइस हॉकी नाही आबा, लॅक्रॉस!

ती. आबा,
सा. न.

मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत की कॅनडाचा राष्ट्रीय खेळ कोणता आणि मी पटकन आइस हॉकी सांगून मोकळी झाले, पण ते अर्धंच बरोबर होतं. इथे १९९४ च्या कायद्याने दोन खेळ ठरवलेत, हिवाळ्याचा आइस हॉकी आणि उन्हाळ्याचा लॅक्रॉस. (आपल्याकडे शाळेत हॉकी हॉकी घोकलं, पण सरकारने अधिकृतपणे कुठलाच खेळ जाहीर केलेला नाही, हे माहितीय ना?)

रविवारी ग्रँड नदीकाठच्या सिक्स नेशन्सला मॅच बघायला गेले होते. तिथे होडिनोशोनी लोक राहतात, ज्यांना बाकीचे इरोक्वाय म्हणतात, इथल्या मूळ लोकांपैकी. हिवाळ्यात हॉकी चालते त्याच रिंगणातला बर्फ काढून खालच्या सिमेंटवर खेळतात. काठीच्या टोकाला जाळी, त्यात कडक रबराचा बॉल, आणि पळताना तो पडू नये म्हणून मनगटातून काठी सारखी हलवत ठेवायची. अंगावर येणाऱ्याला खांद्याने ढकलत पोरं अशी सुसाट जातात की माझाच श्वास अडकत होता.

बाहेर एका टेबलावर जुन्या पद्धतीच्या लाकडी काठ्या मांडल्या होत्या. हिकरीचं लाकूड वाफेवर वाकवून टोकाला आकडा काढलेला आणि त्यात चामड्याच्या वादीची जाळी. मी हात लावायला गेले तर तिथल्या आजींनी हळूच माझा हात बाजूला केला, म्हणाल्या या काठीला बायका हात लावत नाहीत. आधी खटकलं, खरंच. मग त्यांनी सांगितलं की हा खेळ त्यांच्यासाठी औषध आहे, कुणी आजारी असलं तरी त्याच्यासाठी खेळतात, मुलगा जन्मला की त्याला छोटी काठी देतात आणि माणूस गेला की काठी त्याच्यासोबत जाते. त्यांच्या मुली प्लास्टिकच्या काठीने खेळतातच, बायकांची टीम वर्ल्डकपलाही जाते. तरी तो नियम मला अजून पूर्ण पटलेला नाही, पण त्या काठीकडे नुसतं खेळाचं सामान म्हणून आता बघवत नाही.

तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट सांगते. जून १७६३ मध्ये ओजिब्वे नावाच्या दुसऱ्या मूळ लोकांनी इंग्रजांच्या मिशिलिमाकिनॅक किल्ल्याबाहेर हाच खेळ मांडला, इंग्रज शिपाई मजा बघत उभे, आणि बॉल तटाच्या आत गेला म्हणून खेळाडू मागोमाग आत घुसले, बायकांनी शालींखाली लपवून आणलेली हत्यारं हातात घेतली आणि किल्ला सर! आपला गनिमी कावाच की हो.

पुढचं मात्र वाचून मला राग आला. १८६७ मध्ये मॉन्ट्रियलच्या जॉर्ज बीअर्स नावाच्या डेंटिस्टने खेळाचे नियम लिहिले, आणि १८८० मध्ये ज्यांचा हा खेळ त्यांनाच स्पर्धेबाहेर काढलं, कारण काय तर ते पैसे घेऊन खेळतात. प्रवासखर्च निघायला पैसे लागणारच ना! आणि २०१० मध्ये त्यांची टीम मँचेस्टरच्या वर्ल्डकपला निघाली तर ब्रिटनने त्यांचा स्वतःचा पासपोर्ट मानला नाही. दुसऱ्या देशाच्या पासपोर्टवर जा म्हणाले तर ते गेलेच नाहीत, सामने सोडून दिले. एवढी तयारी करून, आबा.

आता २०२८ ला लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये लॅक्रॉस आहे, पदकासाठी १९०८ नंतर पहिल्यांदाच. आपल्याच झेंड्याखाली खेळू द्या असं त्यांचं म्हणणं आहे, पण ऑलिंपिकला राष्ट्रीय ऑलिंपिक समिती असलेलेच देश लागतात. त्यांचा झेंडा जांभळा, त्यावर पांढऱ्या चौकोनांची ओळ आणि मधोमध झाड. टीव्हीवर कुठे दिसला तर मला लगेच फोन करा, रात्रीचे कितीही वाजलेले असोत.

आजीला नमस्कार सांगा.

तुमची,
चिमी