शनिवारचा अध्यापन सराव : सर्व टीचिंग असिस्टंटसाठी

नमस्कार मंडळी,

येत्या शनिवारी सकाळी १०.३० ते १ या वेळेत विद्यानगरला, आपल्या विभागाच्या सेमिनार हॉलमध्ये वर्गात शिकवण्याचा सराव आहे. पीएच.डी. करता करता तास घेणाऱ्या सगळ्यांनी यायचंच आहे.

यावेळी भर प्रश्न विचारण्यावर. प्रश्न टाकून आपणच लगेच उत्तर देऊन मोकळे होतो. अमेरिकेतल्या विज्ञान-शिक्षण संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं की शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम १ सेकंद थांबतात; किमान ३ सेकंद थांबलं की उत्तरं सविस्तर येतात, गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. चंदगड, आजऱ्याहून आलेल्या, मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांसाठी हे थांबणं फार गरजेचं आहे. इंग्रजी प्रश्न त्यांना आधी मनात मराठीत जुळवावा लागतो.

येताना :
• ७ मिनिटांत शिकवता येईल असा एकच मुद्दा. पीपीटी नको, खडू-फळाच.
• त्यावरचे २ प्रश्न, लिहून. ‘समजलं का?’ हा प्रश्न धरला जाणार नाही.
• थोड्या कोऱ्या चिठ्ठ्या. शेवटी ‘कुठे अडलं’ ते प्रत्येकाकडून लिहून घ्यायचं, नावाशिवाय.

दुसरा शिकवत असताना मोबाईल बंद. जमणार नसेल तर गुरुवारपर्यंत समन्वयकांना कळवा, म्हणजे ती वेळ दुसऱ्याला देता येईल.